सावकाश नजर

"इकडे बघा. आता तिकडे." डॉक्टर दोन्ही हातांची तर्जनी रुग्णाच्या चेहऱ्यासमोर धरतात आणि मान न हलवता या बोटावरून त्या बोटाकडे बघायला सांगतात. निरोगी माणसाची बुबुळं निघालेली दिसतात, पोचलेली दिसतात. मधल्या वाटेवर ती सापडत नाहीत. शरीराच्या सर्वांत जलद हालचालींपैकी ही एक. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास ती संपते आणि जागेपणी सेकंदाला दोन-तीनदा होत राहते. ही ओळ वाचतानाही डोळे अशाच उड्या घेत पुढे सरकताहेत. दिवसाकाठी लाखावर उड्या, आणि त्यातली एकही आपल्याला जाणवत नाही.

काही माणसांची बुबुळं मात्र ही वाट तरंगत जातात, संथ पाण्यावर सोडलेल्या दिव्याच्या द्रोणासारखी. बोट उजवीकडे आहे हे त्यांना कळलेलं असतं, बघायची इच्छा असते, डोळ्यांत बळही असतं. पण 'ऊठ, पळ' असा हुकूम मेंदूच्या देठातल्या ज्या पेशी देतात, त्याच झिजत चाललेल्या असतात. काही जण मग मानच आधी वळवतात आणि नजरेला मागून येऊ देतात. घरच्यांना यातलं काही दिसत नाही. त्यांना दिसतो तो गेलेला तोल: अंधारात भिंतीला धरून चालणं, कपातून सांडणारा चहा, जिभेवर अडखळणारे शब्द.

ही सावकाश नजर भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात एका माणसाने नीट न्याहाळली. डॉ. नोशीर वाडिया, जन्म सुरतेचा, १९२५चा. वैद्यकीचं शिक्षण ग्रँट मेडिकल कॉलेजात. पुढे लंडनला रसेल ब्रेन यांच्यासारख्या नामवंतांच्या हाताखाली मज्जाविकारांचा अभ्यास. तिथेच राहायचं ठरवलं असतं तर आयुष्य सुखाचं झालं असतं. ते १९५७मध्ये मुंबईला परतले आणि जे. जे.मध्ये मज्जाविकारांचा विभाग उभा करू लागले. तेव्हा या देशात या शास्त्राचे जाणकार बोटांवर मोजण्याइतके होते. मेंदूच्या आतलं चित्र काढणारी आजची यंत्रं जन्मालाही आली नव्हती. हाताशी होतं ते एवढंच: रबरी हातोडी, टाचणी, कंप पावणारा चिमटा, विजेरी, आणि समोर देशभरातून आलेली माणसं.

त्या माणसांत तोल गेलेले काही जण होते. लहान मेंदू झिजून तोल जाणारे आजार जगाला ठाऊक होते, पुस्तकांत त्यांची वर्णनं होती. पण वाडियांना या रुग्णांचे डोळे वेगळे वाटले. त्यांनी घरच्यांची चौकशी केली. आईचं काय, वडिलांचं काय, आजोबा कसे चालायचे? भावंडांना बोलावून तपासलं. डॉ. स्वामी या सहकाऱ्यासह १९७१मध्ये त्यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकिगत मांडली: पिढ्यान्‌पिढ्या उतरत येणारा तोलाचा विकार, आणि त्याच्या जोडीला मंदावलेली नजर. हा वेगळा आजार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुरावा होता तो डोळ्यांनी डोळ्यांत पाहिलेला.

त्याची जनुकीय साक्ष मिळायला पंचवीस वर्षं जावी लागली. १९९६मध्ये जगातल्या तीन संशोधकगटांनी बाराव्या गुणसूत्रावरचा दोष शोधून काढला. जनुकातली तीन अक्षरांची एक जोडणी पुन्हापुन्हा गिरवली जाते आणि एका मर्यादेपलीकडे गेली की आजार होतो. पुढच्या पिढीत ती आणखी लांबू शकते, म्हणून आजार मुलाला बापापेक्षा लवकर गाठू शकतो. या आजाराला आज 'एससीए-२' म्हणतात. १९९८मध्ये सत्तरी ओलांडलेले वाडिया सहा भारतीय घराण्यांची जनुकीय तपासणी घेऊन पुन्हा त्याच नियतकालिकात आले. रोग ओळखताना सावकाश नजरेचं मोल किती, हेच त्या लेखातही त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं एका खुणेशी इमान राखणं ही मला तपश्चर्या वाटते.

ज्या वर्षी नऊ कुटुंबांचा लेख आला, त्याच वर्षी मुंबईत डोळे आले. घराघरांत, चाळीचाळींत लालबुंद डोळे. ही साथ १९६९मध्ये घानात उगवली होती. माणूस चंद्रावर उतरला ते वर्ष, म्हणून तिथे तिला अपोलोचं नाव मिळालं. बंगालमध्ये लोक तिला 'जय बांगला' म्हणाले. आठवडा-दहा दिवसांत डोळे निवळायचे आणि माणसं ते विसरून जायची. काही आठवड्यांनी त्यांतल्या मोजक्या जणांची कंबर आणि पाय ठणकू लागायचे, मग एखादा पाय लुळा पडायचा. पोलिओसारखंच सगळं, पण पडणारी बहुतेक मोठी, कर्ती माणसं. पाय गेलेला माणूस डॉक्टरांपुढे पायाबद्दल बोलतो. महिन्यामागे आलेल्या डोळ्यांचं कशाला सांगेल? ते विचारावं लागतं. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं आणि डोळ्यांचा पायाशी असलेला संबंध जगापुढे मांडला. या साथीमागचा विषाणू पोलिओच्याच कुळातला निघाला. १९८१मध्ये मुंबईत पुन्हा डोळ्यांची साथ आली, तेव्हा कुठे लक्ष ठेवायचं हे डॉक्टरांना माहीत होतं.

हे सारं मी वाचलं ते फार पुढे, थोरल्या मामांमुळे. मामा सांगली जिल्ह्यात शेती करायचे. गळ्यात तुळशीची माळ, कधी कशाला शिवले नाहीत. पण त्यांची चाल फाकली, पावलं वाकडी पडू लागली आणि गावातली माणसं म्हणू लागली की म्हातारा सकाळीच घेऊन आलाय. पायापेक्षा हे त्यांना जास्त लागलं. त्यांनी देवळात जाणं सोडलं. कुणी शिरा आखडल्यात म्हणालं, कुणी मणका दाबलाय म्हणालं, कुणी बाहेरचं सांगितलं. गोळ्या झाल्या, तेल झालं, अंगारे झाले. शेवटी मामेभावाने त्यांना एका मोठ्या सरकारी रुग्णालयात आणलं, तेव्हा मीही सोबत होतो.

केसपेपरची रांग, मग नंबरची रांग, मग बाकावर बसणं. शेजारी जळगावचे, बीडचे, थेट बिहारचे लोक. हातात एमआरआयची मोठी पाकिटं, पिशवीत भाकरी. आत गेल्यावर एका तरुण डॉक्टर बाईंनी मामांना चालायला लावलं, हातोडीने गुडघे तपासले आणि मग दोन तर्जनी त्यांच्यासमोर धरल्या. "काका, मान हलवू नका हं. इकडे बघा. आता तिकडे." मामांची नजर रेंगाळत गेली. बाई थांबल्या, परत तेच करायला सांगितलं. मग त्यांनी आजोबांबद्दल विचारलं. बाहेर गर्दी दाराला लोटत होती, तरी त्या विचारत राहिल्या. आजोबाही शेवटी असेच भिंतीला धरून चालायचे, हे मामांना तिथेच आठवलं. मामेभाऊ मागे उभा राहून ऐकत होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही वेगळे येऊन भेटा, निवांत बोलू. तपासणी करायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं. घाई काही नाही."

झिजलेल्या पेशी परत आणणारं औषध त्यांच्यापाशी नव्हतं. आजही कुणापाशी नाही. पण त्या दिवशी मामांना काहीच मिळालं नाही, असं मी म्हणणार नाही. त्यांना आजाराचं नाव मिळालं, आणि त्या नावाने गावातलं बोलणं थांबलं. डॉक्टरांच्या हातचा कागद मामेभावाने पारावर वाचून दाखवला. पडू नये म्हणून चालण्याचे व्यायाम मिळाले, घास ठसकू नये म्हणून जेवताना कसं बसायचं ते कळलं. मामा पुन्हा देवळात जाऊ लागले, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून.

संशोधन एकीकडे आणि रुग्णसेवा दुसरीकडे, हे मला पटेनासं झालं ते तेव्हापासून. मज्जाविकारांत तपासणीचा पहिला आणि मोठा भाग सावकाश बघण्याचा आणि सावकाश विचारण्याचा असतो. हातोडी स्वस्त आहे, बोटं फुकट आहेत. महाग आहे तो वेळ, आणि तो वेळ कसा वापरायचा हे शिकलेला माणूस. असे डॉक्टर मोठ्या शहरांत एकवटले आहेत. मधली वाट शेतकऱ्याने एसटी आणि रेल्वेने कापायची, मजुरी बुडवून, सोबतीला आणखी एकाची मजुरी बुडवून. पक्षाघाताचा झटका आलेल्याला गुठळी विरघळवण्याचं औषध साडेचार तासांत द्यावं लागतं. त्याच्यासाठी ही वाट म्हणजे गेलेला हात, गेलेली वाचा. फिट येणाऱ्या बहुतेकांना साध्या गोळ्यांनी आराम पडतो. त्या गोळ्या गावच्या दवाखान्यात संपल्या की पोर पुन्हा चुलीपाशी पडतं.

वाडियांना २०१२मध्ये पद्मभूषण मिळालं, २०१६मध्ये ते गेले. त्यांचा मान खराच आहे. पण त्या लेखातल्या नऊ कुटुंबांचाही त्यात वाटा आहे. ती एका सरकारी रुग्णालयाच्या दारात आली, आपले आजोबा, आपली भावंडं, आपले डोळे त्यांनी डॉक्टरांपुढे उघडे केले. त्यातून बरं होण्याचा लाभ त्यांना झाला नाही. जगाला ज्ञान झालं. आज न्यूयॉर्कच्या किंवा टोकियोच्या रुग्णालयात रुग्णाला एका बोटावरून दुसऱ्या बोटाकडे बघायला सांगतात, तेव्हा त्यात जे. जे.च्या त्या वॉर्डाचंही देणं असतं.

हे ऋण आहे, आणि ते फेडायची जागा तालुक्यात आहे. उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरला सावकाश नजर ओळखायला शिकवणं, त्याच्या दारातली रांग इतकी आखूड करणं की त्याला आजोबांबद्दल विचारायला वेळ मिळेल, फिटच्या गोळ्या संपू न देणं, चालण्याचे व्यायाम शिकवणारा माणूस आठवड्यातून एकदा तरी तिथे असणं: यातल्या कशालाही नवा शोध लागत नाही. शोध लागून गेलेला आहे. ज्यांच्या डोळ्यांतून तो लागला त्यांच्या नातवंडांना त्यासाठी मुंबई गाठावी लागू नये, एवढं आपण केलंच पाहिजे.