नावाचा सातबारा

वाचकहो, तुमच्या शेताचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे तुम्हांला मध्यरात्री उठवून विचारले तरी तुम्ही सांगाल. आमच्या घरीही तसेच. पण ज्या नावावर आमचा गूळ विकला जात होता, ते नाव कोणाच्या नावावर आहे, हे आम्ही तीन वर्षे कोणालाच विचारले नाही. त्याची ही हकीकत.

आमचे गाव करवीर तालुक्यातले. सासऱ्यांच्या वेळेपासून घरचे गुऱ्हाळ. रवे भरायचे, कोल्हापूरच्या मार्केट यार्डात न्यायचे आणि सौद्यात जो दर निघेल तो घेऊन मुकाट्याने परत यायचे, ही रीत. २०१९ साली सूनबाईंनी एक एक किलोच्या ढेपा आणि बाटलीतली काकवी घरूनच विकायला सुरुवात केली. शहरातल्या एका होतकरू मुलाने सात हजार रुपये घेऊन इंटरनेटवर आमचे पान करून दिले. सासऱ्यांचे नाव, त्यापुढे गूळ, आणि शेवटी डॉट कॉम. त्या दिवशी ह्यांनी फोनवर ते पान उघडून सासऱ्यांच्या तसबिरीसमोर धरले होते. मी हसले, पण मलाही बरे वाटले.

पुणे, ठाणे, नाशिकहून मागणी येऊ लागली. २०२१ मध्ये आम्ही दोन हजार खोकी छापून घेतली, प्रत्येकावर ठळक अक्षरांत ते नाव. आणि २०२२ च्या दिवाळीच्या आधी ठाण्याच्या एक बाई फोनवर म्हणाल्या, “काकू, रागावू नका, पण तुमचं नाव टाकलं की पत्त्यांच्या जुगाराचं पान उघडतंय.”

सूनबाईंनी तिथल्या तिथे करून पाहिले. खरेच होते. आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेल्या माणसाच्या नावावर जुगाराचा अड्डा! ह्यांनी दोन दिवस धड जेवण केले नाही.

झाले होते ते असे. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो, आपल्या गट नंबरासारखा. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८३ साली आकड्यांऐवजी नावे वापरण्याची व्यवस्था आखली. त्या नावाला डोमेन म्हणतात. सुरुवातीला ही नावे फुकट मिळत. सप्टेंबर १९९५ पासून डॉट कॉमसारख्या नावांना दोन वर्षांचे शंभर डॉलर पडू लागले. पुढे स्पर्धा वाढली आणि दर उतरले. पण एक गोष्ट नीट ऐका. हे नाव विकत मिळतच नाही, ते खंडाने मिळते. एका वेळी एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत खंड भरता येतो. मुदत संपली की पुन्हा भरायचा, नाहीतर नाव सुटले.

आमचे नाव त्या मुलाने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेतले होते. त्यात त्याचे काही पाप नव्हते, त्याला तेच सोपे वाटले. पुढे त्याला हैद्राबादला नोकरी लागली. खंड भरा, खंड भरा, अशी सूचनेची पत्रे त्याच्या जुन्या पत्त्यावर पडून राहिली. डॉट कॉमचे नाव मुदत संपल्यावर एकदम जात नाही. सहसा काही दिवस नेहमीच्या दरात भरू देतात, त्यानंतर महिनाभर जबर दंड भरून सोडवता येते. तोही काळ उलटला की नाव मोकळे. अशा मोकळ्या होणाऱ्या नावांवर टपून बसणारी माणसे जगभर आहेत. आम्ही विचारणा केली तेव्हा नव्या मालकाने मागितलेली रक्कम रुपयांत लाखाच्या घरात जात होती. एवढ्यात आमची काहील नवी झाली असती.

माझा भाचा २०१९ मध्येच म्हणत होता, “मावशी, पैसे कशाला घालवता, फुकट नावं मिळतात की!” तेही खोटे नव्हते. दक्षिण प्रशांत महासागरात टोकेलाऊ नावाची तीन बेटे आहेत, न्यूझीलंडच्या अंमलाखाली. वस्ती दीड हजाराच्या आसपास. विमानतळ नाही, सामोआहून बोटीने जावे लागते. भारताच्या नावांना जशी ‘डॉट इन’ ही शेपटी, तशी त्यांची ‘डॉट टीके’. एका परदेशी कंपनीने ही शेपटी जगभर फुकट वाटली. एके काळी कोणत्याही देशाच्या शेपटीखाली नव्हती इतकी नावे या चिमुकल्या बेटांच्या शेपटीखाली जमली. पण फुकट नावावर हक्क कंपनीचाच राही, घेणाऱ्याला फक्त वापर. नाव सुटले की कंपनी त्यावर जाहिराती लावी. फसवणूक करणाऱ्यांनीही या नावांचा मोठा आसरा घेतला. २०२३ मध्ये फेसबुकवाल्या मेटा कंपनीने तिच्यावर अमेरिकेत दावा लावला, त्याच वर्षी नवी नावे देणे बंद झाले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने हा धंदाच सोडत असल्याचे जाहीर केले. आमच्या भाच्याचे ऐकले असते तर आम्ही जुगाराच्या ऐवजी दुसऱ्या खड्ड्यात पडलो असतो, एवढेच.

फुकटचा दुसरा प्रकार आजही आहे. मोठ्या कंपन्या तुम्हांला पान फुकट देतात, मात्र त्याच्या पत्त्यात तुमच्या नावामागे त्यांचे नाव लागते. म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यातली खोली. चार दिवस राहायला उत्तम, पण दारावर पाटी कोरू नये. खोक्यावर छापू नये असे माझे मत आहे. सूनबाईंचे मत थोडे वेगळे आहे, आणि तेच जास्त शहाणपणाचे निघाले.

त्या म्हणाल्या, “आई, नाव आपलं घेऊ आणि खोली फुकटची ठेवू.” म्हणजे नाव खंडाने आपण घ्यायचे आणि ते उघडले की फुकटच्या पानाकडे वळेल अशी सोय करायची. नाव देणाऱ्या बऱ्याच कंपन्या हे वळवणे वेगळे पैसे न घेता करून देतात. उद्या ती खोली गेली तर दुसऱ्या खोलीकडे वळवायचे, खोक्यावरचे नाव तेच राहते. वेबसाईटसाठी वर्षाला हजारो रुपये भरायची गरज नाही.

या वेळी त्यांनी डॉट इन घेतले. ही शेपटी निक्सी ही संस्था सांभाळते, आणि २००५ पासून ती सर्वांना खुली आहे. पहिल्या वर्षाचा दर पाहून मी म्हटले, “शंभर-सव्वाशे? मग आणखी दोन घेऊन टाक.” त्यांनी मला खालची बारीक अक्षरे वाचून दाखवली. दुसऱ्या वर्षापासून तेच नाव सातशेच्या वर, शिवाय अठरा टक्के जीएसटी. बियाण्याच्या पिशवीवरचा दर पाहावा तसा इथे पुढच्या वर्षाचा दर पाहायचा. सोबत ईमेल घ्या, सुरक्षा घ्या, अशा चार वस्तू आधीच टोपलीत टाकलेल्या होत्या. त्या त्यांनी एक एक करून काढल्या. पाच वर्षांचा खंड एकदम भरला. नोंद सूनबाईंच्या नावावर, ईमेल घरचा, फोन ह्यांचा, म्हणजे एकाचा फोन हरवला तर दुसऱ्याचा राहील. पावती सातबाऱ्याच्या फायलीत लावली आहे.

ह्यांची इच्छा देवनागरी नावाची होती. ‘डॉट भारत’ ही देवनागरी शेपटी २०१४ पासून मिळते, मराठीतही. पण फोनवर इंग्रजी कळफलक वापरणारे गिऱ्हाईक ते कसे टाकणार, म्हणून ते पुढे ढकलले आहे. ह्यांनी अजून नाद सोडलेला नाही.

जुन्या खोक्यांपैकी नऊशे उरली होती. शाळेतून आल्यावर नातवंडे आणि मी, आम्ही त्यांवर नव्या नावाची चिठ्ठी चिकटवत बसायचो. आठवडा गेला. विकलेल्या खोक्यांचे काय, ती लोकांच्या घरी आहेतच. पत्ते सापडले त्यांना सूनबाईंनी फोन केले, उरलेल्यांना नाही करता आले.

आता गावातल्या बचत गटाच्या बायका पापडासाठी नाव घ्यायचे म्हणतात. सूनबाईंनी त्यांना पहिलेच सांगितले, की नोंद गटाच्या नावावर करा, अध्यक्षीण बाईंच्या मुलाच्या नावावर नको. त्यावरून थोडी कुरबुर झाली, पण ते मिटले. आता पापडाचे नाव काय ठेवायचे, यावर गाडी अडली आहे.