लोणारच्या उतारावरून

जालन्याहून मंठ्यामार्गे लोणारकडे जाताना, कपाशी, तूर आणि हरभरा यांच्या शेतांनी व्यापलेल्या त्या काळ्या, सपाट मुलखात पुढे काही विलक्षण पाहावयास मिळणार आहे, अशी पूर्वसूचना देणारे एकही चिन्ह दिसत नाही. आणि मग गाव ओलांडताच जमीन एकाएकी संपते व सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, दीडशे मीटरांच्या आसपास खोल असे वर्तुळाकार विवर दृष्टीपुढे उघडते. बेसाल्टच्या पाषाणावर उल्का आदळून हे विवर झाले. त्याचे वय पूर्वी सुमारे ५२,००० वर्षे मानीत. पुढे आर्गॉन समस्थानिकांच्या साहाय्याने केलेल्या मापनाने ते सुमारे ५,७०,००० वर्षांपर्यंत मागे गेले. मला मात्र त्या आघातापेक्षा त्यानंतर तेथे काय काय येऊन राहिले, याचेच कुतूहल अधिक होते, आणि मार्गशीर्षातल्या त्या स्वच्छ सकाळी मी त्यासाठीच खाली उतरू लागलो.

उतरण्याची वाट धारेपाशी सुरू होते. काठाच्या कड्यातून बारमाही वाहणारा हा गोड्या पाण्याचा झरा यात्रेकरूंच्या स्नानाला पुरतो, आणि दगडांवर शेवाळ पोसून ओढ्याच्या रूपाने खाली जातो. वरच्या उतारावर साग, कडुनिंब, सीताफळ असा कोरड्या, पानगळीच्या रानाचा परिचित संसार आहे. मोरांची केका तेथे सतत ऐकू येते. पुढे जमीन सपाट होऊ लागली की चिंचा, शिंदी व बाभळी लागतात, आणि त्यानंतर झाड असे काही उरत नाही. पांढरट क्षार चढलेल्या चिखलाचा उघडा पट्टा आणि त्यापलीकडे गडद हिरवे पाणी. या वलयांचे वर्णन इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरातही आढळते. मातीत क्षार किती आणि गोडे पाणी कोठवर पोहोचते, एवढ्या दोन गोष्टींनी प्रत्येक वनस्पतीची हद्द येथे इतकी काटेकोरपणे आखली आहे, की एखाद्या मोजणी-कारकुनाला साखळी न लावताही ती दाखविता यावी. वेडी बाभूळ तेवढी ही हद्द जुमानीत नाही. अमेरिका खंडातून आलेले हे झाड क्षार सोसते, तोडले तरी बुंध्यापासून पुन्हा फुटते, आणि गुरांनी शेंगा खाल्ल्या की शेणावाटे त्याचे बी दूरवर जाते. त्याच्या दाट जाळीखाली गवताला वाव उरत नाही, हे मी पावलोपावली पाहिले.

काठावर पोहोचताच उग्र दुर्गंध येतो. या सरोवरात पाणी येते ते झऱ्यांचे व पावसाचे; बाहेर जाण्यास त्याला ओढा नाही, नाला नाही. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी, आणि बेसाल्टच्या झिजेतून आलेले सोडियमचे क्षार मागे राहतात; म्हणजे या दफ्तरात क्षारांची जमा तेवढी होत गेली, खर्च जवळजवळ पडला नाही, आणि युगानुयुगांची शिल्लक साठत जाऊन पाण्याचा सामू दहाच्या आसपास चढला. सामान्य मासळीचा जेथे निभाव लागत नाही, तेथे स्पिरुलिनासारखे नीलहरित सूक्ष्मजीव मात्र अपार वाढतात, आणि पाण्याला हिरवा रंग येतो तो त्यांचाच. ते मेले की गाळात जातात; तेथे प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू त्यांचे विघटन करतात, आणि त्यातूनच हा दुर्गंध व मिथेनचे बुडबुडे वर येतात. ज्याला आपण घाण म्हणून नाक मुरडतो, ती मृतातून जिवंताकडे द्रव्य परत पोहोचविणारी एक अखंड उलाढाल आहे, हे ध्यानात आल्यावर मी बराच वेळ तेथून हललो नाही. उथळ पाण्यात लांब तांबड्या पायांचे शेकाटे किडे टिपीत होते.

कमळजा देवीच्या देवळापाशी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. “काका, पाणी कुठवर येतं इथं?” असे मी विचारताच त्यांनी चिखलाकडे बोट केले. “पानी उतरलं का दादा, तिथं सासू-सुनेची हीर दिसते. एका अंगाचं पानी गोड, दुसऱ्या अंगाचं खारट. दोघींचं पटत नाही, पन हीर एकच.” हसत हसत सांगितलेल्या त्या गोष्टीत सबंध विवराचे वर्म सामावले होते, असे मला वाटले. पूर्वी येथला क्षार काढण्याचा ठेका दिला जात असे; दल्ला, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रतींची नावे होती. ‘आईन-इ-अकबरी’तही या परिसरातल्या काच व साबण यांसाठी उपयोगी पडणाऱ्या द्रव्यांचा आणि त्यांपासून सरकारास मिळणाऱ्या महसुलाचा उल्लेख आहे.

२०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले आणि सर्वत्र तर्कवितर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी कारण शोधले, ते लवणप्रिय सूक्ष्मजीवांचे: बाष्पीभवनाने पाणी आटले, क्षार वाढले, आणि गुलाबी रंगद्रव्य धारण करणाऱ्या या जीवांना अनुकूल काळ लाभला, पाऊस येऊन क्षार विरळ होताच त्यांचा बहर ओसरला. त्याच वर्षी सरोवराची नोंद रामसर पाणथळांच्या यादीत झाली. परंतु यादीत नाव चढल्याने उतारावरून येणारे सांडपाणी थांबत नाही. साबणाचा फेस, शेतातले खत, गावच्या गटारांचे पाणी, जे जे म्हणून या विवरात उतरते त्याला परतीची वाट नाही. आणि गोड्या पाण्याचा व मैल्याचा भरणा वाढत गेला, तर ज्या तीव्र क्षारावर हे सूक्ष्मजीव जगतात तोच पातळ होईल व त्यांची जागा कोणत्याही गावतळ्यात आढळणारे जीव घेतील. म्हणून परतीच्या वाटेवर धारेपाशी कपडे धूत बसलेल्या बायांना मी दोष देऊ शकलो नाही, पण त्यांच्यासाठी काठावर, विवराच्या बाहेर, पाण्याची स्वतंत्र सोय झालीच पाहिजे आणि गावचे सांडपाणी आत येऊ न देता दुसरीकडे वळविले पाहिजे, हे त्याच संध्याकाळी गावातल्या मंडळींशी मी आग्रहाने बोललो.