पास मागेच द्यायचा

बेंगळुरूच्या उत्तर भागातल्या एका शाळेत मी पीटी शिकवते. मूळची बेळगावची. लहानपण खो-खो आणि लंगडीत गेलं. रग्बीचा लांबुळका चेंडू हातात आला तो नोकरीला लागल्यावर, एका प्रशिक्षण शिबिरात. तिथे शिकवला तो टच रग्बी. यात कोणी कोणाला पाडत नाही, ढकलत नाही. चेंडू घेऊन पळणाऱ्याला हलक्या हाताने शिवायचं, की त्याला थांबावं लागतं. 1960च्या दशकात सिडनीतल्या रग्बी खेळाडूंनी सरावासाठी सुरू केलेला हा प्रकार पुढे स्वतंत्र खेळ झाला आणि 1985 मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघही स्थापन झाला.

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी जिल्हा पातळीवर धावते. एका मुलाचा उजवा हात पुरता उघडत नाही आणि उजवा पाय ओढला जातो. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. एकीच्या कानाला यंत्र आहे. एकाला डाऊन सिंड्रोम आहे. एकाला अचानक झालेला स्पर्श सहनच होत नाही. आणि मैदानावर कोपरा धरून उभं राहायला शिकलेली, कोणतंही निदान नसलेली मुलं तर कितीतरी. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमात शिक्षणाबरोबर खेळाची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायला सांगितलं आहे. तरी पीटीच्या तासाला अशा मुलाला झाडाखाली बसवून गुण लिहायला सांगण्याची रीत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. मला ती कधीच पटली नाही.

या वर्गासाठी मी टच रग्बी निवडला तो एका नियमामुळे. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. पास बाजूला किंवा मागेच द्यायचा. फुटबॉलमध्ये वेगवान मूल पुढे निघून जातं आणि चेंडू त्याच्याकडे पोचवला जातो. इथे सगळ्यांत पुढे असलेल्याला मागे वळून पाहावंच लागतं. शिवलं गेलं की चेंडू जमिनीवर ठेवायचा, त्याला ओलांडून पुढे जायचं आणि मागच्याने तो उचलायचा. हा रोल बॉल. सहा वेळा शिवलं गेलं की चेंडू दुसऱ्या संघाला. म्हणजे एकटीच्या पायांवर फार काळ निभावत नाही.

पहिल्या तासाला मी नियम सांगत बसत नाही. चेंडू दोन्ही हातांत धरायचा, पलीकडच्या रेषेपर्यंत पळायचं आणि तिथे तो टेकवायचा. सोडून द्यायचा नाही, टेकवायचा. हाच ट्राय. मग शिवणं येतं आणि सगळ्यांत शेवटी पास. पास आधी शिकवला तर मुलं उभ्याउभ्या झेल खेळत राहतात, आणि ज्याच्या हातून चेंडू निसटतो तो पहिल्याच दिवशी मनातून बाहेर पडतो. झेलणाऱ्याने बोटं वर करून हात आधीच समोर धरायचे. देणाऱ्याने त्या हातांकडे बघून, चेंडू अंगासमोरून झुलवून सोडायचा. चेंडू चार नंबरचा घेते आणि त्यातली हवा थोडी काढते, म्हणजे एका हातातही तो बसतो. मूळ खेळात चेंडू जमिनीवर पडला की तो समोरच्या संघाला जातो; आम्ही सुरुवातीचे काही आठवडे हा नियम बाजूला ठेवतो. पूर्ण मैदान सत्तर मीटर लांब आणि पन्नास मीटर रुंद असतं, दोन्हीकडे सहा-सहा खेळाडू. आमच्या लाल मातीच्या पटांगणात एवढी जागा नाही. चुन्याने चार छोटे चौकोन आखते आणि चार-चारांचे संघ करते, कारण चारांत कोणाला लपता येत नाही. सगळीकडून एकच ओरडा ऐकू येतो, ‘हिंदे! हिंदे!’ मागे, मागे.

त्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या हाती पहिल्यांदा चेंडू आला तेव्हा समोरचा संघ बाजूला झाला. कोणी सांगितलं नव्हतं, मुलांनी आपणहून वाट दिली. तो रेषेपर्यंत गेला, चेंडू टेकवला, साऱ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्याचा चेहरा मात्र रागाने लाल झाला होता. ‘मिस, हे मोजू नका,’ एवढंच बोलून तो बाहेर जाऊन बसला.

मी खेळ थांबवला आणि सगळ्यांना पर्जन्यवृक्षाखाली गोल बसवलं. कोणी म्हणालं, तो पळत असेल तेव्हा आपण चालायचं. तो म्हणाला, ‘तुम्ही चालताय हे मला दिसतं ना.’ कोणी म्हणालं, त्याच्या ट्रायला दोन गुण देऊ. तेही त्याने नाकारलं. माझ्याकडे जुन्या ओढण्या फाडून केलेल्या तीन रंगांच्या पट्ट्या होत्या. त्यांवरून बोलत बोलत नियम ठरला: प्रत्येकाने आपल्या वेगाप्रमाणे रंग निवडायचा, आणि ज्याचा जो रंग त्याला त्याच रंगाच्या खेळाडूनेच शिवायचं. लाल लालला, हिरवा हिरव्याला. नियम सगळ्यांना सारखा. एकट्या कोणासाठी सूट नाही. प्रत्येकाने जीव तोडून खेळायचं. पुढे वेग वाढला तर रंग बदलायचा.

मग जे घडलं त्याने मला हा खेळ नव्याने समजला. त्या धावपटू मुलीच्या लक्षात आलं की समोरच्या संघातली एकुलती हिरवी पट्टी डावीकडे अडकली असेल, तर उजवीकडच्या आपल्या हिरव्या खेळाडूला, म्हणजे त्या मुलाला, पास देणं हीच सर्वांत चांगली चाल आहे. ती त्याला पास देऊ लागली, ते जिंकायचं होतं म्हणून. तोही आधीच जागा हेरून तिच्या मागे चार पावलं राहू लागला. रेषेच्या अलीकडे तो पुष्कळदा शिवला गेला. पण नंतर ट्राय झाले ते त्याचे स्वतःचे होते, आणि ते मोजायला त्याने कधी हरकत घेतली नाही.

त्याच पट्ट्या कमरेला खोचल्यावर आणखी एक अडचण सुटली. शिवण्याऐवजी पट्टी ओढायची, म्हणजे स्पर्श सहन न होणारा मुलगाही खेळू लागला, आणि सातवीच्या मुलामुलींनी एकत्र खेळण्याबद्दल काही पालकांना वाटणारा संकोच कमी झाला. मग हा टच राहिला की पट्टी ओढण्याचा टॅग रग्बी झाला, याची चिंता शाळेने करू नये. ऐकू कमी येणाऱ्या मुलीसाठी शिट्टीबरोबर मी रुमाल वर करते आणि पट्टी ओढणाराही हात उंच करतो. गोंगाटात त्याचा उपयोग सगळ्यांनाच होतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचा वरचा सांधा सैल असतो. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या मुलाला मी उतरवलं नाही, आणि मानेला, डोक्याला हात लावायचा नाही हा नियम सर्वांसाठी कडक आहे.

2025 मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, त्यात बेंगळुरू ब्रेव्हहार्ट्स हा संघ होता. तेव्हापासून मुलं टॅकल, म्हणजे पळणाऱ्याला धरून पाडणं, कधी शिकवणार म्हणून मागे लागतात. त्यांना मी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डची गोष्ट सांगते. तिथे 2015 मध्ये दिव्यांग आणि दिव्यांग नसलेले खेळाडू एकाच संघात घेऊन आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, आणि तिच्यात टॅकलही होता. रग्बीत बाहेरच्यांना सामावून घेण्याची वाट आपल्याकडेही आहे: मुंबईची ‘मॅजिक बस’ ही संस्था 1999 मध्ये सुरू झाली ती मॅथ्यू स्पेसी बॉम्बे जिमखान्याजवळच्या फुटपाथवरच्या मुलांना रग्बी शिकवत होते त्यातून.

पीटीच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. काही चेंडू, थोडा चुना आणि जुन्या कापडाच्या पट्ट्या एवढ्यावर हा तास होतो. झाडाखाली गुण लिहीत बसलेल्या मुलाला येत्या तासाला उठवा, रंग त्यालाच निवडू द्या, आणि गुण तुम्ही लिहा.