छर्रा काय स्क्रूतून जातो का?

"काका, छर्रा काय स्क्रूतून जातो का? हवा धरतंय ना आता? मग झालं तर!" पुण्यातला तो दुरुस्तीवाला फोनवर एवढं बोलला आणि हसला. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

पोरगी दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. कोल्हापुरात याचं नवल नाही. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत इथल्याच, आणि २०२४ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ब्राँझ आणल्यापासून तर विचारूच नका. आमचं पिस्तूल सेकंडहँड, युरोपातलं, दाबाच्या हवेवर चालणारं. रात्री सिलिंडर भरून ठेवला की सकाळी काटा खाली आलेला. सील गेलं होतं. माझी हयात उद्यमनगरात टूलरूममध्ये गेली, पण घरातलं मत पडलं की बाहेरची वस्तू, स्पर्धा तोंडावर, जाणकाराकडे द्या. दिलं.

परत आलं तेव्हा हवा धरत होतं. पण मुठीच्या वरच्या बाजूला, ट्रिगरच्या जुळणीपाशी खाचेचे दोन स्क्रू आहेत, त्यांच्या माथ्याचं पार वाटोळं झालेलं. खाचेच्या कडा उधळलेल्या, आणि शेजारी काळ्या रंगावर पांढरा ओरखडा, बोटभर. ओरखडा बघून पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बघत होतो ती खाच, कारण ती कशी खराब झाली हे मला तिथं हजर असल्यासारखं दिसत होतं.

बाजारातल्या साध्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं उतरतं असतं. ते खाचेच्या तळापर्यंत जातच नाही, वरच्या कडांवर अडकतं. जोर लावला की उतारावरून वर उसळतं, कड चेपते, टोक सटकतं आणि शेजारच्या पत्र्यावरून फिरतं. झाला ओरखडा. बंदूक दुरुस्त करणारे म्हणून वेगळं टोक वापरतात. त्याच्या दोन्ही बाजू शेवटी समांतर असतात, खाचेत तळापर्यंत बसतात, रुंदीही स्क्रूच्या माथ्याएवढीच. असं बिट हातात धरून फिरवलं की स्क्रू मुकाट्यानं सुटतो. यात गुपित काही नाही. खाचेत फीलर गेजची पात घालून जाडी बघायची आणि त्या जाडीचं बिट घ्यायचं. एवढं करायला त्या माणसाला किती वेळ लागला असता? पैसे तर त्यानं आयात वस्तूचे म्हणून भरपूर घेतले होते.

इथं बाजारात विचारलं तर दुकानदारानं चाळीस-पन्नास तुकड्यांचा डबा पुढं केला. "सगळ्याला चालतंय ह्ये." जे सगळ्याला चालतं ते कशातच नीट बसत नाही, हे त्याला सांगून काय उपयोग? शेवटी चांगल्या पोलादाची बिटं घेऊन मीच ग्राइंडरच्या चाकाच्या कडेवर घासली. मधे मधे पाण्यात बुडवत, नाहीतर पोलादाचं पाणी उतरतं आणि टोक मऊ पडतं.

ॲलन कीचंही तेच. अमेरिकन सेटातली पाच-चौसष्टांश इंचाची की दोन मिलिमीटरच्या स्क्रूत जाते, बसल्यासारखी वाटते. फरक मिलिमीटरच्या दोन शतांशांचा. पण घट्ट स्क्रूवर तेवढ्यानंही कोपरे झिजायला लागतात. गोल टोकाची की तर घट्ट स्क्रूला लावूच नये. ओ-रिंग काढायला पितळेचा नाहीतर प्लॅस्टिकचा आकडा हवा. लोखंडी सुईनं गाळ्यात ओरखडा पडला की नवी रिंगही गळते. रिंगेला सिलिकॉन ग्रीस लावायचं, गाडीचं तेल नाही. सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो, मोटारीच्या चाकात जेमतेम सव्वादोन. म्हणून आधी सिलिंडर काढायचा, आत उरलेली हवा सोडायची, मगच हत्यार हातात घ्यायचं. आणि हे सगळं एअर पिस्तुलापुरतं. पॉइंट टू टूच्या पिस्तुलाला घरी हात लावायचा नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो.

"एवढ्या-तेवढ्या स्क्रूचं काय घेऊन बसलात?" असं बायको म्हणते. टोकियोत २०२१ला मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि फायनल दोन गुणांनी हुकली. हे मी तिला सांगतो. ती म्हणते, ते ऑलिंपिक होतं.

ट्रिगरचं वजन ५०० ग्रॅमच्या खाली गेलं तर नियमात बसत नाही, म्हणून एक वजन आणलं आणि खात्रीसाठी गुजरीत सराफाच्या काट्यावर घातलं. सराफानं विचारलं, कशाचं माप आहे? ट्रिगरचं म्हटल्यावर त्यानं चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. घरी पोरगी नळी उभी धरते, वजन ट्रिगरला अडकवून उचलते, स्वतःच. "पप्पा, ट्रिगरला तुम्ही हात लावायचा नाही." माझ्या सगळ्या बिटांना त्या दोन स्क्रूंपाशी मज्जाव आहे.

इतकं बोलल्यावर हेही सांगायला हवं. त्या माणसानं बसवलेलं सील आजही एक थेंब हवा सोडत नाही. साबणाचं पाणी लावून मी किती वेळा पाहिलं, बुडबुडा येईल या आशेनं म्हटलं तरी चालेल. सुटे भाग ऑस्ट्रिया-जर्मनीहून यायचे, शिकवायला कुणी नाही, एका खोलीत बसून तो निम्म्या महाराष्ट्राची पिस्तुलं सांभाळतो. सील त्याला कळतं. स्क्रू कळत नाही, किंवा कळूनही त्याला त्याचं काही वाटत नाही, आणि मला राग या दुसऱ्या शक्यतेचा आहे.

आता रेंजवरचे पालक रविवारी पिस्तूल घेऊन माझ्याकडं येतात. मी त्यांना सांगतो, घरी उघडू नका, पुण्याला त्याच्याकडंच पाठवा. पत्ता देतो, आणि सोबत माझी दोन बिटं कागदात गुंडाळून देतो, त्याला द्या म्हणून. त्यानं ती अजून एकदाही परत पाठवलेली नाहीत.