सालेकशाचे पाणी आणि पाण्यातला कॅमेरा

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलात की गुदमा, आमगाव, धानोली अशी स्टेशने मागे पडतात आणि मग येते सालेकसा. तोवर खिडकीतून दिसतात त्या नुसत्या धानाच्या बांध्या, मध्येच एखादा तलाव, तलावाच्या पाळीवर बसलेले बगळे. सालेकसा सोडले की मात्र चित्र बदलते. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात, जंगल दाट होते, दरेकसा स्टेशन येते आणि पुढे गाडी बोगद्यात शिरते. मुले ओरडतात, आपणही मनातल्या मनात ओरडून घेतो! ही लाइन फार जुनी. आधी नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज होती. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेतली आणि ब्रॉडगेज केली. त्या काळात हा डोंगर कसा फोडला असेल, याचा विचार बोगद्यातून जाताना एकदा तरी मनात येतोच.

दरेकशाला उतरून पायी जाता येईल इतक्या जवळ हाजरा फॉल आहे. पावसाळ्यात तो बघावा. पाणी असे काही कोसळते की शेजारी उभ्या असलेल्या नणंदेशी बोलायचे तर ओरडावे लागते. तालुक्यात दुसरे मोठे ठिकाण म्हणजे कचारगडची गुहा. गोंड समाजाचे हे श्रद्धास्थान. माघी पौर्णिमेला कुठून कुठून, परराज्यांतूनसुद्धा, लोक इथे येतात. पारी कोपार लिंगो आणि माता जंगो रायताड यांच्या कथा या गुहेशी जोडलेल्या आहेत. तिथे गेलात तर कॅमेरा पिशवीत ठेवा आणि विचारल्याशिवाय बाहेर काढू नका. आपल्या देवघरात अनोळखी माणसाने येऊन फोटो काढायला सुरुवात केली तर आपल्याला चालेल का? तसेच ते.

आता तुम्ही म्हणाल, सालेकशात समुद्र नाही, मोठी नदीसुद्धा गावात नाही, मग पाण्यातला कॅमेरा कशाला? मलाही हाच प्रश्न पडला होता. माझी धाकटी जाऊ सालेकसा तालुक्यात शिक्षिका आहे. भिशीचे पैसे हातात आले तेव्हा तिने घरात जाहीर केले, की मला पाण्याखाली फोटो काढणारा कॅमेरा घ्यायचा आहे. सासूबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिले. भाऊजी म्हणाले, "एवढ्या पैशांत वॉशिंग मशीन येईल." पण तिचे म्हणणे साधे होते. वर्गातल्या मुलांना मासे नावानिशी ओळखता येतात. मरळ, शिंगी, मागूर, सगळे. पण ते मासे त्यांनी पाहिलेत ते जाळ्यात, टोपलीत नाहीतर आईच्या विळीखाली. पुस्तकात काढलेले चित्र, तेही समुद्रातल्या माशाचे! आपल्या तलावातला जिवंत मासा पाण्यात कसा राहतो, हे मुलांना दाखवायचे होते तिला.

त्यात घाईचेही कारण होते. भंडारा-गोंदिया म्हणजे तलावांचा मुलूख. जुने मालगुजारी तलाव, ज्यांना इथे मामा तलाव म्हणतात, ते गाळाने भरत चाललेत आणि बेशरमची झुडपे काठ गिळताहेत. पाण्यातल्या वनस्पती गेल्या की त्यांच्या आधाराने राहणारे देशी मासेही जातात. या भागातल्या ढिवर समाजाच्या स्त्रियांनी काही तलावांत त्या वनस्पती स्वतः चिखलात उतरून पुन्हा लावल्या आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. पण सगळीकडे तसे झालेले नाही. आपण उपासाला शिंगाडा खातो, तो अशाच तलावांतला, हे तरी किती जणींना ठाऊक असते?

तर कॅमेऱ्याकडे वळते. पाण्याखाली फोटो काढण्याचे वेड काही आजचे नाही. फ्रान्समध्ये लुई बुतां नावाच्या शास्त्रज्ञाने १८९३ साली समुद्रात कॅमेरा नेला होता. पुढे जाक कुस्तो यांच्यामुळे १९६१ च्या सुमारास कॅलिप्सो नावाचा हातात मावणारा पाणबंद कॅमेरा निघाला. निकॉनने तोच पुढे निकोनॉस म्हणून विकला. आज आपल्यासारख्यांपुढे ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली वाट, मोबाइल आणि प्लॅस्टिकची पिशवी. सगळ्यांत स्वस्त, म्हणून सगळ्यांना मोह होतो. पावसाच्या भुरभुरीला, धबधब्याच्या तुषारांना ती ठीक आहे. पाण्यात बुडवायला नाही. आमच्या शेजारणीच्या मुलाचा फोन अशाच पिशवीत राहून आतून ओला झाला. आणि पिशवी धड राहिली तरी पाण्याखाली पडद्यावरचे बोट चालत नाही. आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाने फोटो निघतो का, ते आधी घरी बघून ठेवावे लागते. फोनवर आयपी ६८ लिहिलेले असते, त्यानेही भुलू नका. ती परीक्षा स्थिर, गोड्या पाण्यातली असते. कोसळत्या धारेचा मार वेगळा, आणि पाणी शिरले तर बहुतेक कंपन्या वॉरंटी देत नाहीत. हो, आणि भिजलेला फोन तांदळात पुरून ठेवायची आपल्याकडे फार पद्धत पडली आहे. धानाच्या जिल्ह्यात तर विचारूच नका! अॅपल कंपनीनेच २०२४ साली सांगितले की असे करू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन फोन बिघडू शकतो. तांदूळ भातासाठीच ठेवावा.

दुसरी वाट, मुळातच पाणबंद असलेला छोटा कॅमेरा. ऑलिम्पसचा टीजी-६ हा २०१९ साली आला, आणि त्याच घराण्यातला ओएम सिस्टीमचा टीजी-७ हा २०२३ साली. दोन्ही पंधरा मीटर खोलीपर्यंत चालतात. यांचा खरा गुण म्हणजे अगदी जवळून, एका सेंटिमीटरवरून फोटो घेता येतो. गव्हाच्या दाण्याएवढा जीवसुद्धा चौकटभर दिसतो.

तिसरी वाट, साधा चांगला कॅमेरा आणि त्याच्यावर घालायचा पाणबंद डबा. दुकानात त्याला हाउसिंग म्हणतात. कॅनन, सोनी यांच्या खिशात मावणाऱ्या काही कॅमेऱ्यांसाठी असे चाळीस मीटरपर्यंतचे डबे निघाले. यात एक मेख आहे. बहुतेक डबे एकाच मॉडेलला बसतात. ब्लाउजचे माप जसे एकीचे दुसरीला होत नाही, तसे. त्यामुळे कॅमेरा आधी घेतला आणि डबा नंतर बघू, असे कधी करू नका. आधी डबा मिळतो का ते विचारा, मग कॅमेरा ठरवा. किंमतही विचारा, कारण डबा कधीकधी कॅमेऱ्याइतकाच महाग पडतो.

माझे मत विचाराल तर सालेकशासारख्या ठिकाणी डब्याची गरज नाही. दर दहा मीटर खोलीला हवेच्या एका थराइतका दाब वाढतो, चाळीस मीटरचा डबा त्या दाबासाठी असतो. तलावाच्या काठी आपण उतरणार गुडघाभर! इथे शत्रू दाब नाही, रेती आणि चिखल आहे. मालवण-तारकर्लीला जाऊन समुद्रात उतरायचा विचार असेल तर गोष्ट थोडी वेगळी. महाराष्ट्राच्या या टोकाहून त्या टोकाला जायचे, खर्च करायचा, तर डब्याचे दुहेरी संरक्षण असलेले बरे. खारे पाणी कॅमेऱ्याला सोडत नाही. तिथे पावसाळ्यात पाण्यात उतरणे बंद असते, हेही लक्षात ठेवा. समुद्रात थोडे खाली गेले की लाल रंग आधी नाहीसा होतो. पाच-सहा मीटरवर तुमची लालभडक ओढणी विटकी तपकिरी दिसेल. म्हणून तिथे टॉर्च नाहीतर फ्लॅश लागतो. तलावाच्या वीतभर पाण्यात ती कटकट नाही.

जावेने शेवटी दुसरी वाट धरली. नागपूरच्या दुकानदाराने वापरलेला कॅमेरा निम्म्या किमतीत दाखवला होता, पण ती बधली नाही, आणि मला तिचे पटले. पाणबंद वस्तूचे रबर वयाबरोबर कडक होते. बाहेरून नवी कोरी दिसली तरी आतले सांगता येत नाही. वॉशिंग मशीन लांबले ते लांबलेच. दोन-चार दिवस भाऊजींचा चेहरा फुगलेला होता.

रबराची गोष्ट निघालीच आहे तर सांगते. कॅमेऱ्याच्या झाकणाला किंवा डब्याला जी रबरी रिंग असते, ती म्हणजे आपल्या कुकरची रिंग समजा. कुकरच्या रिंगेत भाताचे एक शीत अडकले तरी वाफ सुटते ना? तसाच इथे एक केस, रेतीचा एक कण पुरे, पाणी आत आलेच. झाकण मिटताना उजेडात धरून रिंग बघा, मऊ कापडाने पुसा. डब्याच्या रिंगेला त्याच्यासोबत मिळालेले सिलिकॉन ग्रीस बोटाने अगदी पुसट लावा. थापायचे नाही, आणि खोबरेल तर मुळीच नाही. नव्या डब्यात पहिल्यांदा कॅमेरा घालूच नका. कोरडा टिश्यू पेपर ठेवून डबा बादलीत अर्धा तास बुडवा. कागद कोरडा निघाला की मग कॅमेरा. हे सगळे आदल्या रात्री घरी करायचे, धबधब्याच्या काठी नाही. तिथल्या दमट हवेत डबा मिटला की काच आतून धुरकट होते. चपलांच्या खोक्यात सिलिका जेलच्या ज्या पुड्या येतात, त्या आपण फेकून देतो. एक कोरडी पुडी डब्यात सरकवा.

फोटो काढताना जवळ जा, हाच सगळ्यांत मोठा उपाय. बरणीतले लिंबू बाहेरून मोठे दिसते, तसे पाण्यात सगळे सुमारे एक तृतीयांशाने मोठे आणि जवळ भासते. म्हणून वाटते पोचलोच, पण मध्ये गढूळ पाणी असते. हातभर अंतराच्या आत या. गढूळ पाण्यात फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर झाडताना उन्हाच्या तिरिपेत धूळ चमकते तसे पांढरे ठिपके फोटोभर पसरतात.

आता जरा रागावून सांगते. हाजरा फॉलला भर पावसाळ्यात कॅमेरा घेऊन पाण्यात उतरायचे नाही. कॅमेरा पाणबंद असतो, आपण नसतो. शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही, आणि ओली साडी पायात अडकली की सावरता येत नाही. वर डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी वाढते. फोटो काढणाऱ्या माणसाचे डोळे काचेवर असतात, म्हणून सहलीत एकीने फक्त मुले मोजायची, दुसरे काहीच करायचे नाही. कॅमेऱ्याची दोरी मनगटात असावी, पण कॅमेरा सुटला तर जाऊ द्यावा. त्याच्यामागे हात टाकायचा नाही. पाण्याखालचे फोटो हवे असतील तर पावसाळा सरल्यावर जा, धार बारीक होते, ओढ्याचे पाणी निवळते, तळाचे गोटे दिसू लागतात.

जावेचा सगळ्यांत चांगला फोटो मात्र धबधब्याचा नाहीच. पावसाळ्याच्या अखेरीस गावाजवळच्या तलावात, काठच्या गवताशी तिने कॅमेरा धरलेला हात कोपरापर्यंत बुडवून ठेवला होता, कितीतरी वेळ. फोटोत मरळीची पिल्ले आहेत, केशरी रंगाची, एकमेकांना चिकटून झुंडीने पोहणारी, आणि त्यांच्या खाली अंधारात आईचे डोके, तेवढेच. मरळ पिल्लांची राखण करते, झुंडीच्या खाली खाली फिरत राहते. वर्गातल्या मुलांनी तो फोटो बघितला, आणि बाजारात मासे विकणाऱ्या एका म्हाताऱ्या ढिवर बाईनेही. ती म्हणाली, "हे त आमी रोजच पायतो बाई, पण पान्याच्या आतून कधी नाई पायलं." मग तिने सांगितले की पिलं संगं असताना मरळ धरू नये, तिची सासू धरू देत नसे. जावेने ते वाक्य फोटोखाली लिहून वर्गाच्या भिंतीला लावले आहे. सासूबाईंनी फोटो दोनदा मागून पाहिला. भाऊजींनी तो आपल्या फोनवर ठेवला आहे, वॉशिंग मशीनचा विषय अजून निघतो ते वेगळे.

घरी परतलात की कॅमेरा साध्या, गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, बटणे दाबून आतली रेती सुटू द्या, आणि सावलीत वाळवा. उन्हात नको, चुलीजवळ तर नकोच. डबा असेल तर महिनोन्महिने ठेवताना झाकण घट्ट मिटू नका, रिंग चेपली जाते. ती काढून लहान डबीत ठेवा, आणि डबीवर नाव लिहा. आमच्याकडे ती एकदा मिक्सरची वायसर समजून स्वयंपाकघराच्या खणात गेली होती.