अठरावा भाग

आमच्या घराच्या माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेली एक गिटार होती. लहानपणी दिवाळीची साफसफाई आली की ती खाली उतरे, तिच्यावरची धूळ झटकली जाई आणि ती पुन्हा वर जाई. तिला कोणी टाकून देत नसे, आणि दुरुस्तही करत नसे. घरातल्या काही दुःखांचे असेच असते.

ती गिटार माझ्या मोठ्या काकांची, म्हणजे आम्हा सर्वांच्या अण्णांची. अण्णा दिवसा मरोळच्या एका कारखान्यात आणि रात्री ऑर्केस्ट्रात, असे दोन संसार करीत. 1971 साली ‘हरे रामा हरे कृष्णा’ आला आणि गणपतीच्या मंडपातली फर्माईशच बदलली. इलेक्ट्रिक गिटार नसलेला ऑर्केस्ट्रा म्हणजे अळणी आमटी, असे अण्णा म्हणतात. पण परदेशी गिटार आणायची तर आयातीची बंधने आणि भरमसाट जकात! कामगाराच्या पगारात ते कुठून जमणार? शेवटी 1974 साली त्यांनी अंधेरीत वाद्ये दुरुस्त करणारा एक मिस्त्री गाठला. वांद्र्याच्या एका वादकाकडे अस्सल स्ट्रॅटोकास्टर होती. त्याने ती तासभर हाताळू दिली. मिस्त्रीने ती खाकी कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली, तारेची लांबी मोजली आणि दीड महिन्यात सागवानात तिची जुळी बहीण उभी केली. लिओ फेंडरने 1954 साली कॅलिफोर्नियात ही गिटार बाजारात आणली, तेव्हा त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. आमच्या मिस्त्रीलाही येत नव्हती. एवढ्या बाबतीत तरी नक्कल तंतोतंत उतरली होती!

पुढे 26 जुलै 2005 उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. मिठी नदी आमच्या चाळीत शिरली. खाटेखालची गिटार दोन दिवस पाण्यात होती. लाकूड फुगले, सांधे उकलले, तारा गंजून गेल्या. मी त्याच वर्षी जन्मले. त्यामुळे अण्णांना गिटार वाजवताना मी कधी पाहिलेच नव्हते.

गेल्या वर्षी अण्णांनी सत्तरी ओलांडली, आणि मला वाटले, ही गिटार पुन्हा करावी, अगदी तशीच. जगात हा मोठा उद्योग आहे. खुद्द फेंडर कंपनीने 1982 साली आपल्या 1957 आणि 1962 सालच्या नमुन्यांच्या आवृत्त्या काढल्या. पुढे तर नव्या गिटारीचा रंग मुद्दाम खरवडून, पोचे पाडून तिला म्हातारपण आणण्याची कलाही निघाली. मला मात्र अमेरिकन गिटारीची नक्कल करायची नव्हती. मला नकलेची नक्कल करायची होती.

ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात एक सागवानी दरवाजा मिळाला. शेजारच्या सुतारकाकांनी करवत धरली, मी कानस धरली. स्वरपट्टीला शिसवी लाकूड घेतले. खरी परीक्षा पिकअपची. पिकअप म्हणजे छोटी चुंबके आणि त्यांभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे 8000 वेढे. चुंबकासमोर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते आणि तीच स्पीकरमधून सूर होऊन येते. जुनी चुंबके पुरातूनही जिवंत राहिली होती. लॅमिंग्टन रोडवरून तार आणली आणि आईच्या शिवणयंत्राच्या बॉबिन भरायच्या चाकावर वेढे घातले. तीन वेळा तार तुटली. चौथ्या वेळी आईने स्वतःच चाक हातात घेतले.

मग पडद्यांची मोजणी. बाराव्या पडद्यावर वरचा षड्ज यायचा, म्हणजे तो तारेच्या बरोबर मध्यावर हवा. तार 648 मिलिमीटर, मध्य 324. जुन्या दांड्यावर तो 321 आणि 322 च्या दरम्यान! मी कला शाखेची, गणिताशी दहावीनंतर काडीमोड घेतलेली. पण अर्धे करणे मलाही येते. ‘मिस्त्री चुकला,’ असा निकाल देऊन मी पुस्तकातल्या अचूक मापाने नवे पडदे ठोकले. अण्णांना ही चूक कळवायचीही गरज वाटली नाही. आपण किती उदार!

अण्णांनी गिटार मांडीवर घेतली. खालचे सूर छान आले. वर गेले आणि प्रत्येक सूर चढा लागू लागला. त्यांनी दोनदा, तीनदा करून पाहिले. मग गिटार हळूच खाटेवर ठेवली आणि म्हणाले, “बोटं गेली गं माझी.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी त्यांना मोजमापाची सगळी कथा सांगितली, चूक माझ्या उदारपणासकट कबूल केली. अण्णा ऐकत राहिले आणि एकदम हसले. “अगं, तो चुकला नव्हता. तो दर पडद्याला उरलेल्या लांबीचा अठरावा भाग घ्यायचा. मी शेजारी बसून ऐकलंय, ‘अठरावा भाग, अठरावा भाग’ असं पुटपुटायचा.”

मी पट्टी घेऊन धावले. 648 चा अठरावा भाग 36. उरले 612, त्याचा 34. जुन्या दांड्यावर पहिला पडदा 36 वर, दुसरा त्यापुढे 34 वर! ग्रंथालयात शोधले तेव्हा कळले, की हा नियम गॅलिलिओच्या वडिलांनी, विन्चेन्झो गॅलिली यांनी, 1581 साली छापून ठेवला आहे. आधुनिक भाजक 17.817 आहे. अठरा घेतले की सूर किंचित उतरा येतो, पण तार दाबताना ती ताणली जाऊन सूर थोडा चढतोच; त्यामुळे बरीचशी भरपाई होते. उरलेली भरपाई अण्णांचे बोट तीस वर्षे करीत होते, तार जराशी ओढून. माझ्या अचूक पट्टीवरही ते बोट आपले काम इमानाने करीत राहिले, म्हणून सूर चढला. बोटे गेली नव्हती. बोटे जागच्या जागी होती. पडदे मी हलवले होते.

मी दुसरा दांडा केला, अठराव्या भागाचा. या गिटारीचा दांडा चार स्क्रूंनी बसतो. बदलायला दहा मिनिटे पुरतात. त्या संध्याकाळी चाळीतली माणसे दारात उभी होती आणि अण्णा वाजवत होते. सूर वर गेला की बोट किंचित ओढले जाई आणि सूर नेमका जागेवर येऊन बसे.

पहिला, अचूक दांडा आता त्या जुन्या चादरीत माळ्यावर आहे. अण्णा म्हणतात, “तू शिकशील तेव्हा तो लाव. माझी खोड तुला कशाला?” पुढच्या महिन्यात मी शिकायला बसणार आहे. कोणत्या दांड्यावर, ते अजून ठरत नाही.