बारा सेकंदांची बारी

निघोजे, ता. खेड

चि. सोनूस,

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, मी एवढे व्हिडिओ पाठवतो, ते आजीला मोबाईलवर दाखवायचे सोडून डीव्हीडी कशाला राइट करत बसता?" तेव्हा कंपनीची शिफ्ट सुटली होती, रस्त्यावर हॉर्न वाजत होते, म्हणून बोलणं आवरतं घेतलं. पण तुझा प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून सविस्तर लिहितो.

प्लेअर घरात आला ते साल आता नेमकं आठवत नाही. एमआयडीसीने ओढ्याकडचं वावर घेतलं, त्याचे पैसे हातात आल्यावर आणि २०१० मध्ये महिंद्राचा कारखाना सुरू व्हायच्या आधी, एवढं नक्की. तेव्हा मोझर बेअर कंपनी सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला लागली होती. आबा चाकणहून प्लेअर घेऊन आले. म्हणाले, जमीन गेली, निदान घरात बसून बघायला काहीतरी असू दे. आजीसाठी कीर्तनाच्या डिस्क आणल्या. त्यांना स्वतःला एकच गोष्ट बघायची असायची, बैलगाडा शर्यत.

तू तेव्हा शाळेत होतास, त्यामुळे आपला बैल सर्जा तुला आठवत असेल. आबांच्या शेवटच्या यात्रेचं शूटिंग आपल्याकडे आहे. २०१३ ची यात्रा की २०१४ ची, यावरून तुझा बाप आणि मी अजून वाद घालतो. एवढं खरं, की त्यानंतर ७ मे २०१४ ला शर्यतींवर सुप्रीम कोर्टाची बंदी आली. शूटिंगवाल्याने ते पेन ड्राइव्हवर दिलं होतं. आपल्या प्लेअरला पेन ड्राइव्हची खाच नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

त्या शूटिंगमध्ये आपली बारी आहे, म्हणजे शर्यतीतली आपल्या गाड्याची धाव. पुढं घोडी, मागं चार बैल, घाटात धुरळा, आणि सगळं मिळून बाराएक सेकंद. सेकंदाला २५ चित्रं धरली तर तीनशे चित्रं होतात. त्यातल्या शेवटच्या काही चित्रांत आबा डाव्या कोपऱ्यातून धावत येतात. निशाण पडतं, माईकवरून सेकंद पुकारले जातात आणि ते डोक्यावरची टोपी काढून वर फेकतात. टोपी खाली येताना दिसत नाही, कारण तोवर कॅमेरा बैलांकडे वळतो. सोनू, माझा बाप आयुष्यभर टोपीशिवाय उंबऱ्याबाहेर पडला नाही. चारचौघांत त्यांचं उघडं डोकं मी तेवढं एकदाच पाहिलं. आजी तिथे बरोबर थांबवते. रिमोटच्या त्या बटणाला मी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून दिलाय. मोबाईलच्या काचेवर तिचं खरबरीत बोट नीट चालत नाही, भलतंच काहीतरी उघडतं आणि मग तिला कुणाला तरी हाक मारावी लागते. ८० ओलांडलेल्या बाईला नवऱ्याला बघायचं असेल तर कुणाची परवानगी का लागावी? डिस्क ती आपल्या हाताने लावते.

पेन ड्राइव्हवरची फाइल डिस्कवर नुसती कॉपी केली तर प्लेअर ती वाचत नाही. तू इंजिनिअर आहेस, पण हे यंत्र तुझ्या पिढीने हाताळलं नाही. तुझ्या फोनची फाइल एमपीफोर असते, आतलं चित्र एच.२६४ नाहीतर एच.२६५ पद्धतीने दाबलेलं. एच.२६४ आलं २००३ मध्ये. डीव्हीडी प्लेअर जपानात १९९६ मध्येच विकायला लागले होते. आपल्या प्लेअरमधली चिप डीव्हीडीचं एमपेग-२ आणि व्हीसीडीचं एमपेग-१ वाचते, त्यापुढचं तिला कुणी शिकवलेलंच नाही. म्हणून चित्र उलगडून पुन्हा तिच्या मापात बांधावं लागतं: ७२० बाय ५७६ ठिपके, सेकंदाला २५ चित्रं, आवाज ४८ किलोहर्ट्झ. ही आपली पाल पद्धत. जर्मनीतही तीच, त्यामुळे आजीची प्रत तुझ्याकडे चालेल. अमेरिकेतल्या तुझ्या आत्याला मात्र एनटीएससीची, ७२० बाय ४८० ची, वेगळी करून पाठवतो.

आधी हे काम शहरातल्या एका दुकानात दिलं होतं. पैसे चोख घेतले आणि डिस्क अशी दिली की सर्जाचे पाय पुढेमागे थरथरत होते. जुन्या कॅमेऱ्यात एकेक चित्र दोन अर्ध्यांत साठतं, आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. या अर्ध्यांचा क्रम उलटा लावला की धावणारं सगळं असं लटपटतं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, बैलच तर आहेत, कोण एवढं बघतंय! मला ते फार लागलं. त्या दिवसापासून मी स्वतः शिकलो. डीव्हीडीस्टायलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते एमपेग-२ करून देतं आणि व्हिडिओ_टीएस हे फोल्डरही बांधतं, ज्यात प्लेअर चित्र शोधतो. ४.७ जीबीच्या डिस्कवर चांगल्या प्रतीचं तासभर मावतं. दोन तास बसवले तर धुरळ्याचे चौकोन दिसायला लागतात. म्हणून बैलगाड्याच्या डिस्कवर मी तासाच्या वर घालत नाही. राइट सावकाश करतो, शेवटी फायनलाइज करतो, आणि डिस्कवर कागदी लेबल चिकटवत नाही.

बंदी उठली १६ डिसेंबर २०२१ ला. फटाके वाजले, गुलाल उधळला. आबा तोवर गेले होते, सर्जाही. उरलेल्या ज्या वावरात त्याला पळवायचो तिथे आता गाड्यांचे सुटे भाग ठेवायचं गोडाऊन आहे. भाडं येतं, घर चालतं, तुझं शिक्षणही त्याच पैशांवर झालं, तेव्हा मी कुणाला बोल लावत नाही. पण इथे खोल्यांत राहणाऱ्या बिहारच्या पोरांना घाट माहीत नाही हे मी समजू शकतो, तुझ्या लेकीला माहीत नसेल तर मला झोप येणार नाही. मागच्या व्हिडिओत ती आजीशी जर्मनमध्ये बोलली. आजी हसली, पण तिला एक शब्द कळला नाही. घरात मराठी बोला रे. तू आणि सूनबाई दोघंही आपलेच, मग अडतं कुठे?

आता कामाचं. फोन आडवा धरून शूटिंग कर. उभं केलंस तर आजीच्या टीव्हीवर मधे पट्टी आणि दोन्हीकडे काळं दिसतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये २५ फ्रेम मिळत असतील तर त्या लाव. ३० च्या २५ करताना चाल अडखळते, पोरगी पळताना ते लगेच कळतं. वरून गाणं टाकू नकोस, आम्हाला तिचा आवाज हवाय. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर तो वाटेतच आणखी दाबला जातो.

सोबत टोपीच्या डिस्कची एक प्रत पोस्टाने पाठवतोय. लेकीला मांडीवर घेऊन बघ. डाव्या कोपऱ्यात कोण आहे ते सांग, बैलाचं नाव सांग, आणि तिला ते तिच्या तोंडून म्हणायला लाव. तेवढंच रेकॉर्ड करून रविवारपर्यंत पाठव. आजीच्या नव्या डिस्कवर अजून वीस मिनिटांची जागा आहे, राइट करायचं थांबलोय.

तुझा,
काका